तालुक्याच्या गावातून बाजार-सहकाराची बातमीदारी: भाव, जिनिंग, पतसंस्था यांवर नेमकं लिहायचं कसं?

राळेगावची_वाचक:

नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या एका दैनिकाला आमच्या तालुक्यासाठी फक्त बाजार, सहकार आणि उद्योग पाहणारा वार्ताहर हवा आहे. अपघात, मोर्चे, वाढदिवस दुसरा वार्ताहर पाहील. काम मला देऊ केलं आहे. शिक्षण बीएस्सी ॲग्री, पत्रकारितेचं काही नाही.

विचारायचं ते असं. बाजार समितीतून रोज जो भाव येतो तो तसाच छापायचा का? कास्तकार म्हणतात, पेपरातला भाव काट्यावर कधी मिळत नाही. कापूस पडला की "जागतिक मंदी" एवढं लिहून मोकळं होतात, ते तपासायचं कसं? एखाद्या पतसंस्थेबद्दल कुजबुज सुरू झाली तर कोणते कागद मागायचे? आणि सगळ्यात अवघड म्हणजे सख्ख्या काकांचं अडत दुकान याच बाजार समितीत आहे, अर्धा बाजार नात्यागोत्याचा. अशा माणसानं हे काम घ्यावं का? पुढे यातून काही वाट निघते का, तेही सांगा.


जुना_काटा:

ताई, काम घ्या. काकांच्या दुकानाबद्दल इथले वृत्तपत्रातले लोक सांगतील, मी भावाचं सांगतो.

बाजार समिती रोज तीन भाव कळवते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही हेच तीन रकाने असतात, सोबत आवक आणि जात. मथळा नेहमी कमाल भावाचा होतो, आणि वाचकाचा राग तिथूनच सुरू होतो. समजा एका दिवशी सोयाबीनची १,००० क्विंटल आवक झाली. त्यातलं २० क्विंटल ५,१०० ला गेलं, ६०० क्विंटल ४,२०० ला आणि ३८० क्विंटल ३,७०० ला. मथळा येतो "सोयाबीन ५,१००". किमान-कमालची सरळ सरासरी काढली तर ४,४०० येते, तीही फसवी. वजनानुसार काढली तर ४,०२८. काट्यावरच्या माणसाला दिसतो तो हा ४,०२८.

त्यातही हे २० क्विंटल कोणते, ते विचारायचं. हंगामाच्या पहिल्या दिवशी मुहूर्ताचा भाव निघतो; हार-नारळ होतो, पहिल्या गाडीला व्यापारी चढा भाव देतो, दुसऱ्या दिवशी तो नसतो. वाशीमसारख्या बाजारात बियाण्यासाठी निवडून घेतलेला माल साध्या मालापेक्षा कितीतरी वर जातो. हे दोन्ही भाव खरे आहेत, पण "सोयाबीनचा भाव" म्हणून छापले की कास्तकार घरातला माल घेऊन धावत येतो आणि परतीचं भाडं अंगावर पडतं. मुहूर्ताचा असेल तर "मुहूर्ताचा", बियाण्याचा असेल तर "बियाण्याचा" असं मथळ्यातच लिहा.

आवकेतही गोची असते. कोणी पोत्यात सांगतो, कोणी क्विंटलमध्ये. आकडा घेताना एकक विचारून वहीत टिपा. दुसरं म्हणजे खेडा खरेदी. व्यापारी गावात इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन येतो, घरासमोर कापूस मोजतो, गाडी थेट जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यावर) जाते. त्यातला पुष्कळ माल बाजार समितीच्या रोजच्या आवकेत दिसत नाही. म्हणून "आवक घटली, शेतकऱ्यांनी माल रोखला" हे वाक्य लिहिण्याआधी दोन-तीन गावांत फोन करून खेडा खरेदी किती जोरात आहे ते विचारा. कित्येकदा माल रोखलेला नसतो, दुसऱ्या वाटेनं गेलेला असतो.

रोजची रीत अशी ठेवा. हर्रास (लिलाव) सुरू व्हायच्या आधी यार्डात पोहोचा. गेटवरच्या आवक नोंदीवरून गाड्यांचा अंदाज घ्या. निदान पाच ढिगांची बोली सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. मग त्याच पाच कास्तकारांची काटापट्टी (वजनाची चिठ्ठी) आणि हिशोबपट्टी (कपात करून दिलेल्या पैशांची चिठ्ठी) बघा. बोलीतला भाव आणि पट्टीतला भाव यात फरक असतो, बातमी त्या फरकात असते. पट्टीत हे बघा: हमाली, तोलाई, ओलाव्याची कटती, मातीची कटती, अडत कोणाकडून घेतली, चुकारा (मालाचे पैसे) रोख की चेकनं आणि किती दिवसांनी. चुकाऱ्याची मुदत लिहिल्याशिवाय भाव पूर्ण होत नाही, कारण आज हातात पैसे आणि पंधरा दिवसांनी पैसे यांचे भाव निराळे असतात.

कापसात आणखी एक ठिकाण बघायचं. हर्रास यार्डात होतो, गाडी खाली होते जिनिंगवर. नमुना गाडीच्या वरच्या थरातला असतो. तळाला ओला कापूस किंवा कवडी (किडका, खराब कापूस) निघाली की तिथं भाव पाडतात. काही वेळा ते रास्त असतं, काही वेळा गाडी उभी ठेवून कास्तकाराला झुकवलेलं असतं. भाव पाडल्याची नोंद बाजार समितीकडे झाली का आणि वाद निरीक्षकापुढे गेला का, हे दोन प्रश्न विचारले की कोणतं प्रकरण कसलं ते उघड होतं.

वही साधीच असू द्या, पण रोज भरा. वर्षभरानं मागच्या वर्षीचा याच तारखेचा भाव तुमच्याकडे असेल आणि बाजारातल्या बाकी कोणाकडे नसेल.


सरकी_रुई (हिंगणघाट):

कापसाच्या भावाचा हिशोब कागदावर मांडता आला पाहिजे. मग "जागतिक मंदी" हे उत्तर कधी खरं आणि कधी सबब, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई (सरकी काढलेला कापूस) निघते. ३४ धरा. दोनेक किलो घट जाते, उरलेली ६४ किलो सरकी (कापसाचं बी). रुईचा भाव खंडीवर चालतो, खंडी म्हणजे ३५६ किलो. गाठ १७० किलोची, म्हणजे पाच क्विंटल कापसाची एक गाठ.

समजा रुई ५५,००० रुपये खंडी आहे. किलोला १५४.५० पडले. ३४ किलोचे झाले ५,२५३. सरकी ३,४०० रुपये क्विंटल असेल तर ६४ किलोचे २,१७६. एकूण ७,४२९. यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, वाहतूक, व्याज वजा करायचं. हा खर्च प्रत्येक जिनचा वेगळा असतो, दोन-तीन जिनवाल्यांना विचारून घ्या. समजा २५० धरला तर ७,१७९. बाजारात ७,१०० ला खरेदी चालू असेल तर व्यापारी लुटतोय असं लिहिता येत नाही. ६,६०० ला चालू असेल तर विचारायला जागा आहे: उतारा (शंभर किलो कापसातून निघणारी रुई) कमी बसतोय का, ओलावा जास्त आहे का, की आजूबाजूला खरेदीदारच उरले नाहीत?

उताऱ्याचं महत्त्व फार मोठं आहे. एक टक्का उतारा घटला की एक किलो रुई जाऊन एक किलो सरकी वाढते, म्हणजे वरच्या भावात क्विंटलमागे सुमारे १२० रुपयांचा फरक. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा आणि फरदडीचा (हंगामानंतरही ठेवलेल्या पिकाच्या कापसाचा) भाव एक नसतो तो यामुळेच. आणि सरकीकडे डोळेझाक करू नका. वरच्या हिशोबात ७,४२९ पैकी २,१७६ सरकीचे आहेत. सरकी ढेपेचा भाव पडला की रुई जागच्या जागी असूनही कापूस उतरतो, आणि तेव्हा न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराला दोष देणं चुकीचं ठरतं.

न्यूयॉर्कचा वायदा (पुढच्या महिन्यांच्या मालाचा आज ठरणारा भाव) सेंट प्रति पौंडात असतो. खंडी म्हणजे ७८४ पौंड. ६५ सेंटला ७८४ नं गुणा, ५०९.६० डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर ४४,८४५ रुपये खंडी. इथली रुई ५५,००० असेल तर गिरणीला बाहेरून आणणं स्वस्त. मग आयातशुल्क, जहाजभाडं, पोचायला लागणारा वेळ हे मधे येतं. कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीच्या महिन्यांत. हा निर्णय आणि आपल्या यार्डातला भाव एका चौकटीत शेजारी ठेवून दाखवला तर वाचकाला लांबलचक लेखापेक्षा जास्त समजतं.

सीसीआयच्या (केंद्राच्या भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीबद्दल: २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१० होता. पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत. पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कटती. म्हणजे ९ टक्क्यांना ८,०२८.९०, १० ला ७,९४७.८०, ११ ला ७,८६६.७० आणि १२ ला ७,७८५.६०. १२ च्या वर गाडी परत. हा तक्ता हंगामात दर आठवड्याला छापा, लोक कात्रण खिशात ठेवतात. २०२५-२६ च्या हंगामापासून कपास किसान ॲपवर नोंदणी, त्यासाठी सातबारावर ई-पीक पाहणीची नोंद, आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात. गाडी परत गेली की कारण लेखी दिलं का, ओलावा किती दाखवला, मापक गाडीत किती ठिकाणी खुपसला, ते विचारा. रात्रीच्या दवानं वरचा थर सकाळी ओला असतो आणि दुपारी तोच कापूस कमी ओलावा दाखवतो. म्हणून वेळ लिहिल्याशिवाय ओलाव्याचा आकडा छापू नका.

सोयाबीनचाही असाच हिशोब होतो. शंभर किलोतून साधारण १८ किलो तेल आणि ८० ते ८२ किलो पेंड. तेल १२० रुपये किलो आणि पेंड ३२ रुपये धरली तर तेलाचे २,१६० आणि पेंडीचे जवळपास २,६००. सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त उभा आहे हे यातून दिसतं. म्हणून खाद्यतेलाचं शुल्क वाढवूनही, १४ सप्टेंबर २०२४ ला वाढवलं होतं, यार्डातला भाव अपेक्षेइतका हलला नाही. मका आणि तांदळापासूनच्या इथेनॉलचा चोथा कोंबडीखाद्यात शिरला आणि पेंडीचं गिऱ्हाईक कमी झालं. सोयाबीनचे वायदे सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले, त्यामुळे पुढच्या महिन्यांचा अंदाज सांगणारा आकडा तिथून मिळत नाही. सोया प्लांटचे रोजचे खरेदीदर हाच आधार. अकोला, अमरावती, लातूर आणि नागपूर भागातल्या प्लांटचे दर व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच फिरतात. त्यातून तुमच्या गावापर्यंतचं भाडं वजा करा, यार्डातल्या भावाशी ताडून बघा.


राळेगावची_वाचक:

दोघांचेही आभार. जिनिंगचा हिशोब आजच वहीत उतरवते. काटापट्टी दाखवायला कास्तकार तयार होतात, पण "नाव नका छापू" म्हणतात. त्याचं काय करायचं? आणि पतसंस्थेचं कोणी सांगेल का?


सहकार_लेखा (अमरावती विभाग):

पतसंस्थेच्या बातमीत एका चुकीच्या शब्दानं रांग लागते. चांगली चालणारी संस्थासुद्धा आठवड्यात सगळ्या ठेवी परत देऊ शकत नाही, कारण पैसा कर्जात गुंतलेला असतो. म्हणून कुजबुजीवर एक ओळही नको, आणि कागद हातात आल्यावर एक दिवसही उशीर नको.

आधी नोंदणी कुठली ते बघा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली असेल तर तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला उपनिबंधक. बहुराज्यीय असेल तर २००२ चा केंद्रीय कायदा आणि दिल्लीतले केंद्रीय निबंधक. आपल्या उपनिबंधकांचे हात तिथं बांधलेले असतात. पाटीवर "मल्टिस्टेट" लिहिलंय का, एवढं बघून निम्मा गोंधळ मिटतो.

मग अहवाल. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिचा छापील अहवाल सभासदांना वाटतात. एखाद्या सभासदाकडून मागून घ्या. त्यात पाच जागा वाचा. लेखापरीक्षणाचा वर्ग, अ ते ड. ढोबळ आणि निव्वळ एनपीए (थकीत कर्ज). तरलतेसाठी बँकेत ठेवलेली रक्कम. "येणे व्याज" हा आकडा. आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडची येणी. यातला येणे व्याजाचा आकडा मागच्या तीन वर्षांशी ताडून बघाच. वसुली होत नसताना व्याज उत्पन्नात धरत राहिलं की नफा कागदावर फुगतो, लाभांशही वाटला जातो, आणि रोकड मात्र आटत जाते. संस्था ढासळण्याआधी ही खूण बहुतेक वेळा अहवालातच दिसते.

कारवाईच्या पायऱ्याही पक्क्या ठेवा. कलम ८३ म्हणजे चौकशी. कलम ८८ म्हणजे नुकसानीची जबाबदारी कोणावर किती, ते ठरवणं. कलम १०१ चा दाखला हा कर्जदाराकडून वसुलीसाठी. कलम १०२ म्हणजे अवसायन (संस्था गुंडाळणं). ८३ ची चौकशी लागली म्हणजे घोटाळा सिद्ध झाला असं नाही. "बुडाली", "दिवाळखोर" हे शब्द १०२ च्या आदेशाआधी लिहू नयेत.

पतसंस्था स्वतः माहिती अधिकारात सहसा येत नाही, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं. पण निबंधकांकडे असलेली किंवा त्यांना कायद्यानं मागवता येणारी माहिती त्यांच्या कार्यालयातून मागता येते. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं की अर्ज परत येतो. "सन २०२२-२३ ते २०२४-२५ या वर्षांचे वैधानिक लेखापरीक्षण अहवाल व दोषदुरुस्ती अहवाल यांच्या प्रती" असं नेमकं लिहा. दोषदुरुस्ती अहवाल मागायला बरेच जण विसरतात. लेखापरीक्षकानं काढलेल्या चुकांवर संस्थेनं काय केलं, हे फक्त त्यातच असतं.

बातमीत एक ओळ कायम हवी: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. खेड्यात आजही पुष्कळांना दोन्ही सारखंच वाटतं.

बाजार समितीवरही हीच नजर ठेवा. संचालक १८: सेवा सहकारी संस्थांमधून ११, ग्रामपंचायतींमधून ४, व्यापारी-अडते २, हमाल-मापारी १. हिशोब तपासायची सोपी रीत सांगतो. वर्षाची आवक गुणिले सरासरी भाव, त्यावर बाजार शुल्क. एक लाख क्विंटल, ४,५०० चा भाव, म्हणजे ४५ कोटींचा माल. शेकडा ७५ पैसे शुल्क असेल तर ३३ लाख ७५ हजार जमा व्हायला हवेत. जमाखर्चात फारच कमी दिसले तर एकतर आवक फुगवलेली आहे, नाहीतर शुल्काची गळती आहे. दोन्हीत बातमी आहे. सगळ्या मालांचा हिशोब वेगवेगळा मांडा, एकत्र केला की काहीच कळत नाही.


बातमी_मेज (नागपूर):

काकांच्या दुकानाचं. पहिल्याच दिवशी संपादकांना ईमेलनं कळवा: अमुक नातं, अमुक दुकान. तोंडी सांगू नका. मग दोन नियम ठरवून घ्या. काकांच्या दुकानाचा भाव, त्यांचं मत, त्यांचा फोटो तुमच्या बातमीत कधीच नाही. आणि अडत्यांच्या संघटनेशी वाद, परवाना, निवडणूक असे विषय आले की बातमीवर दुसऱ्या वार्ताहराचं नाव. एवढं केलं की नातं अडचणीचं राहत नाही, उलट हिशोबपट्टी वाचायला घरातच शिकता येतं. गावात नातं लपत नाही, ते आधीच सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न फक्त तुम्ही ते कार्यालयात लिहून दिलंय की नाही एवढाच.

दिवाळीची पाकिटं, जिनिंगच्या उद्घाटनाच्या भेटवस्तू, फार्मर कंपनीचे सवलतीतले शेअर, पतसंस्थेचं ओळखीवरचं कर्ज यातलं काही नको. प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत आर्थिक पत्रकारांसाठी हे वेगळं सांगितलेलं आहे. ज्या मालाचा भाव तुम्ही लिहिता त्याचा साठा करून विकू नका. घरची शेती असेल तर माल विकायला हरकत नाही, पण त्या आठवड्यात त्या पिकाच्या तेजी-मंदीचा अंदाज लिहू नका.

जाहिरातीचा मुद्दा याहून कठीण आहे, आणि तो काम घेण्याआधीच बोलून घ्या. तालुका वार्ताहराचं मानधन तुटपुंजं असतं, घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. बाजार समिती, पतसंस्था आणि जिनिंग हेच तालुक्यातले मोठे जाहिरातदार, आणि नेमक्या त्यांच्यावरच तुम्हाला लिहायचं आहे. त्यांच्या जाहिराती जिल्हा कार्यालयातला माणूस आणेल, तुम्हाला त्यांचं उद्दिष्ट नसेल, एवढं लेखी मागा. हे मान्य नसेल तर मानधन वाढवून मागा. तेही नसेल तर या विषयाचं काम या अटींवर नीट होणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा.

उद्योगाच्या बातम्यांत "अमुक हजार रोजगार" हा आकडा मंत्र्यांच्या भाषणातून येतो आणि तसाच छापला जातो. सामंजस्य करार, भूखंडवाटप, बांधकाम, वीजजोडणी, उत्पादन या पाच पायऱ्या आहेत. कोणती गाठली ते लिहा. भूखंडाचं एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयात कळतं. प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र दोन प्रकारचं असतं, उभारणीसाठी वेगळं आणि चालवण्यासाठी वेगळं. दुसरं नसेल तर कारखाना रीतसर सुरू झालेला नाही. कामगार किती, हे भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकून महिनावार बघता येतं. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या पीएम मित्र पार्कचं (केंद्राच्या योजनेतल्या वस्त्रोद्योग पार्कचं) भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमात झालं. राळेगावच्या कापसाशी त्याचा थेट संबंध आहे, तेव्हा दर सहा महिन्यांनी या पाच पायऱ्यांवर ते कुठं आहे, ते लिहीत राहा.

आपल्याच पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचायची सवय लावा. सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जापोटी तारण ताब्यात घ्यायचा कायदा) ताबा घेतल्याची नोटीस बँकेला दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कोणतं जिन, कोणती दालमिल अडचणीत आहे, ते शेवटच्या पानावर छापून आलेलं असतं आणि पहिल्या पानाला त्याचा पत्ता नसतो. शेतकरी उत्पादक कंपनीचे ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून बघता येतात. भाषणात सांगितलेली उलाढाल आणि तिथली उलाढाल ताडून बघा.

बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. समोरच्याला प्रश्न लेखी पाठवा, उत्तरासाठी ठरावीक वेळ द्या, उत्तर आलं नाही तर तसं छापा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रश्नांचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपा. कागदाची प्रत हातात असल्याशिवाय "गैरव्यवहार" लिहू नका. "लेखापरीक्षण अहवालात अमुक रकमेचा आक्षेप" असं लिहा. त्यात धार कमी होत नाही.

पुढची वाट आहे. कापूस-सोयाबीनचा हिशोब येणारी माणसं नागपूरच्या कार्यालयांत आणि शेतीच्या दैनिकांत कमी आहेत, मुंबई-पुण्याच्या अर्थपानांवर त्याहून कमी. त्यासाठी तुमच्या नावानं छापलेल्या, आकडे तपासता येतील अशा बातम्यांची फाइल हवी. पत्रकारितेची पदवी नागपूर किंवा अमरावती विद्यापीठातून नंतरही करता येते. अधिस्वीकृती पत्रिकेसाठी (पत्रकाराच्या सरकारी ओळखपत्रासाठी) जिल्हा माहिती कार्यालयात विचारा. नियुक्तिपत्र लागेल, ते आत्ताच मागून ठेवा.


धानपट्टा_गोंदिया:

राळेगावला धान फारसा नाही, पण बदली झाली तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पूर्व विदर्भात प्रश्न भावापेक्षा तुटीचा (साठवणीत घटणाऱ्या वजनाचा) आणि भरडाईचा (धानाचा तांदूळ करण्याचा) असतो. हमीभाव २०२५-२६ साठी साधारण धानाला २,३६९, अ दर्जाला २,३८९. केंद्र पणन महासंघाचं की आदिवासी विकास महामंडळाचं, ते आधी लिहा, कारण जबाबदार अधिकारी वेगळे. एक क्विंटल धानाला ६७ किलो तांदूळ गिरणीनं शासनाला परत द्यायचा असतो. गिरणीवाले उतारा कमी येतो म्हणतात आणि धान गोदामात पडून राहतो. किती धान उचलला, किती तांदूळ जमा झाला, हे दोन आकडे दर महिन्याला मागा. तेंदूपत्ता असेल तर प्रमाण गोणी म्हणजे ७० पानांचे एक हजार पुडे. दर गोणीचा की शेकडा पुड्यांचा, न विचारता छापला की आकडा दहापट चुकतो.


वरुड_मोर्शी:

संत्र्याचंही तसंच. बागेत सौदा हजार फळांवर किंवा अख्खी बाग उक्ती (एकरकमी), नागपूरच्या कळमन्यात भाव टनावर. दोन्हीची तुलना करायची तर हजार फळांचं वजन किती भरतं ते त्या बागेत मोजून घ्यावं लागतं, फळ बारीक असेल तर गणित पार बदलतं. आंबिया बहाराचा माल की मृग बहाराचा, तेही लिहा. उक्त्या सौद्यात व्यापारी विसार (आगाऊ रक्कम) देतो आणि फळगळ वाढली की सौदा मोडतो, त्यामुळे "बाग अमुक लाखांत गेली" ही बातमी तोड पूर्ण झाल्यावरच खरी धरायची.


राळेगावची_वाचक:

खूप मोलाचं मिळालं. एक राहिलं, नाव न छापण्याचं. आणि मे-जूनमध्ये बियाणं-खताच्या लिंकिंगच्या (एका मालासोबत दुसरा घ्यायच्या सक्तीच्या) तक्रारी येतात, त्यातही लोक पुढे येत नाहीत.


जुना_काटा:

लिंकिंगची बातमी बिलावर उभी राहते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना, डीएपीची ५० किलोची १,३५० ला. विक्री ई-पॉस यंत्रावर अंगठा लावून होते आणि त्याची पावती निघते. सोबत माथी मारलेलं सूक्ष्म अन्नद्रव्य किंवा द्रवरूप खत वेगळ्या साध्या बिलावर असतं, कधी बिलच नसतं. एकाच दुकानाची, एकाच दिवसाची तीन-चार शेतकऱ्यांची दोन्ही बिलं जमवा; प्रत्येकाच्या बिलात तेच उत्पादन दिसलं की योगायोग म्हणता येत नाही. मग दुकानदाराइतकंच कंपनीच्या विक्री प्रतिनिधीलाही विचारा, कारण बऱ्याचदा दुकानदारालाच वरून तसा माल घ्यावा लागतो. तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी प्रश्न द्या. बीटी कापसाच्या बीजी-२ पाकिटाची कमाल किंमत २०२५ च्या हंगामात ९०१ रुपये होती. पाकीट, छापील किंमत आणि बिल एकाच फोटोत घ्या.

नावाचं असं. खरं नाव, गाव, फोन तुमच्या वहीत आणि संपादकांकडे असलंच पाहिजे, छापायचं नाही एवढंच. "एका शेतकऱ्यानं सांगितलं" याला वजन नसतं, म्हणून तीन पट्ट्या बघितल्या, कोणत्या आठवड्यातल्या, हे बातमीत लिहा. पट्टीचा फोटो छापायचा असेल तर नुसतं नाव खोडून भागत नाही. पट्टी क्रमांक, गाडी नंबर, मोबाइल, गाव, तारीख झाका, आणि वजनही झाका. व्यापाऱ्याच्या रजिस्टरमध्ये २२.४५ क्विंटलची त्या दिवशीची गाडी एकच असते, तेवढ्यावरून माणूस पाच मिनिटांत सापडतो. बातमीत "साधारण २२ क्विंटल" लिहा, आणि मूळ पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणाला पुढे पाठवू नका, कार्यालयातल्या ग्रुपवरसुद्धा नाही.